तीन तास तू, तीन तास मी

१४ मार्च, सकाळी ७.
समुद्रातला सतरावा दिवस. वारा बरा. भांडण : नाही.
सतरा दिवसांत एकसुद्धा नाही! घरी सतरा मिनिटं गेली नसती. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या की चौतीस फुटांच्या बोटीत तुम्ही एकमेकांचे गळे धराल. घ्या आता. संसार सुधारायला समुद्रच लागतो, हे मी दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होतो. कोणी ऐकेल तर शपथ.

१५ मार्च.
आमची सिस्टिम लिहून ठेवतो. पुढे पुस्तक लिहिताना लागेल. बोट चोवीस तास चालते, म्हणून कोणीतरी कायम जागं हवं. लेक लहान, तिला ड्यूटी नाही. तीन तास बायको सुकाणूवर, मी आत झोपलेला. मग तीन तास मी, ती झोपलेली. ड्यूटी बदलताना ती वारा कुठला ते सांगते, जहाज दिसलं का ते सांगते, चहा थर्मासमध्ये आहे म्हणते आणि आत जाते. एकदम मुद्देसूद. लग्नाला चौदा वर्षं झाली, आमच्यात इतकं मुद्देसूद बोलणं कधी झालं नव्हतं.

१७ मार्च, दुपार.
ड्यूटी बदलताना बायकोने वारा सांगितला. त्याच आवाजात सांगितलं की बंदराला लागलो की ती आणि लेक विमानाने घरी जाणार. माझ्याबरोबर पुढे नाही, आणि पुढे म्हणजे नुसतं बोटीपुरतं नाही. चहा थर्मासमध्ये होता.
दमली आहे. दुसरं काही नाही. बंदर बघेल, नारळीची झाडं बघेल, हॉटेलात आंघोळ करेल, की येईल ताळ्यावर. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. तीन तास कंपासकडे बघत बसलो. सुई जागची हलली नाही.

१८ मार्च.
संकल्प : बायकोशी बोलायचं. सविस्तर. अडचण : ती जागी असते तेव्हा मी झोपलेला असतो. ड्यूटी बदलताना बोलावं तर तिचे डोळे मिटत असतात. उद्या नक्की.

१९ मार्च.
उद्या.

२० मार्च, संध्याकाळ.
लेकीला मध्यस्थ नेमलं. वय अकरा, पण समजूतदार, माझ्यावर गेली आहे. म्हटलं, आईच्या मनात काय आहे ते जरा बघ. ती म्हणाली, आईने सांगितलंय ना बाबा, आम्ही जाणार. म्हटलं, आणि तुझ्या मनात? तर म्हणे, शाळा हवी, मैत्रिणी हव्यात, आणि तुम्ही दोघं एकदम जागे असताना कसे दिसता ते मी विसरले.
मुलं काहीही बोलतात. भूगोलाचे दोन धडे वाचायला दिले.

२४ मार्च, सकाळी १०.
जमीन! सत्ताविसाव्या दिवशी! हिरवे डोंगर, पत्र्याची गोदामं, अंगाला चिकटणारी हवा. नांगर मीच टाकला. पहिल्या खेपेला त्याने तळ धरला नाही, वारा चमत्कारिक होता. दुसऱ्या खेपेला शेजारच्या बोटीवाल्याने आरडाओरडा केला. तिसऱ्यांदा बायकोने टाकला. परदेशातून आल्याचा पिवळा झेंडा वर चढवला. बंदरातले कागद होईपर्यंत कोणी उतरायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे उद्यापर्यंत ती बोटीतच. अख्खा दिवस हातात आहे.

२४ मार्च, दुपारी ४.
तिघं एकाच टेबलावर जेवलो, सगळे जागे. मी घसा खाकरला आणि वारा पूर्वेचा आहे असं सांगितलं. बायको हो म्हणाली. छोटा पंखा फिरत होता. लेक एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग बायकोने ताटं धुतली, मी दोर गुंडाळले. ते गुंडाळलेलेच होते.

२५ मार्च, दुपारी १.
बंदराच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर. ऐकण्यासारखी बातमी! कारकून म्हणाला की बोटीने आलेल्यांची नावं बोटीच्या यादीत असतात. ती कमी झाल्याशिवाय विमानात बसता येत नाही, आणि कमी करायला कॅप्टनचीच सही लागते. कॅप्टन कोण? मी! एवढ्या प्रवासात पहिल्यांदाच कोणाचं माझ्यावाचून अडलं.
ठरलं. सही करायची नाही. ठाम. दोन दिवस थांबेल, चार दिवस थांबेल, राग उतरेल. कारकून जेवायला गेलाय, दोनला येणार.
दोघी याच बाकावर बसल्यात. लेकीने पाठीवरची बॅग उतरवलेली नाही. म्हटलं, ठेव खाली, जड आहे. नको म्हणाली.
मला भीती वाटतेय. लिहून टाकतो, वाचणार कोण.

२५ मार्च, दुपारी २:२०.
सही केली.
कारकून म्हणाला, पासपोर्टवरच्या सहीशी जुळत नाही, पुन्हा करा. दुसरा फॉर्म दिला. बायकोने कागद धरून ठेवला. पुन्हा केली. ही चालेल म्हणाला.