बिनछपराची भिंत

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि फोन हातात घेतला की आईला बोलणं सुचत नाही, म्हणून पत्र. सुखरूप पोहोचले. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात आम्ही सहा नवखे कलाकार तीन महिने राहणार आहोत. प्रत्येकाने मोकळ्यावर एक काम उभं करायचं, आणि तेही असं की इथून उचलून दुसरीकडे नेलं तर त्याला अर्थच उरू नये. एकजण झाडांना जुनं सूत गुंडाळतोय. कामगार ज्या वाटेने पाळीवर जायचे, तिच्या कडेने मी पुरुषभर उंचीची विटांची जाळीची भिंत बांधतेय. चालणाऱ्याला पलीकडची गिरणी तुकड्यातुकड्याने दिसत जाईल.

अट एकच. २० मार्चला इंजिनिअर येऊन भिंत तपासणार. पक्की असली तर लोकांसाठी खुली, नाहीतर पाडायची आणि घरची वाट धरायची. तसं झालं तर भाऊजींच्या टाइल्सच्या दुकानात बसेन, हा तुम्हाला दिलेला शब्द लक्षात आहे. पण एवढ्यात तिथली खुर्ची पुसायला सांगू नका.

आईला नमस्कार. राग असला तरी उत्तर पाठवा.

तुमची गोटी

७ फेब्रुवारी

चि. गोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. राग नाही, पण डोक्यातही शिरत नाही. छप्पर न पेलणारी भिंत म्हणजे बसून पगार खाणारा माणूस. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण लोकांनी वाकून बघावं म्हणून एकही भिंत बांधली नाही. भोकंच ठेवायची तर भिंत कशाला, असं म्हटलं तर तुझी आई म्हणाली, मग तुम्ही खिडक्या कशाला ठेवता?

आता बांधतेच आहेस तर नीट बांध. सांध्यावर सांधा येऊ देऊ नकोस. दर तीन थरांना ओळंबा लाव. वाळू चाळून घे. बांधून झाल्यावर सात दिवस पाणी मार. गवंड्याची पोर आहेस, भिंत पडली तर हसं माझं होईल.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे बाबा

१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

भिंत पडली. लिहायलाही लाज वाटते. नवव्या थरापर्यंत गेले होते. सकाळी सहज हात टेकला, तर वरची वीट दात हलावा तशी हलली. ती काढली तर खालच्या चार निघाल्या. सिमेंट-वाळूचा मसाला विटेला धरतच नाही, बोटाने खरवडला की नुसता भुगा. सगळं उतरवून पुन्हा बांधलं, सिमेंट वाढवलं, ओळंब्यात तर केसभर फरक नव्हता. तरी ये रे माझ्या मागल्या. सूतवाला म्हणतो, पडझड हीच कला म्हणून टाक. त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

बाबा, दहा वर्षांची असल्यापासून सुट्टीच्या दिवशी मी तुमच्या हातात विटा दिल्या. तुमचं बघून बघूनच सगळं करतेय. मग चुकतंय कुठे? मला त्या दुकानात बसायचं नाही, खरंच नाही. काहीतरी सांगा.

गोटी

२२ फेब्रुवारी

चि. गोटीस,
आशीर्वाद.

दोन दिवस डोकं खाजवतोय. वाळूत माती असेल. सिमेंट शिळं असेल. वीट कच्ची निघाली असेल. सगळं तपासून बघ. यापुढे मला सुचत नाही, आणि हे लिहिताना फार वाईट वाटतंय. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तर हातातलं काम टाकून ती कागद मागायला लागली. तिची चिठ्ठी सोबत आहे.

बाबा

गोटे,

विटा भिजवल्यास का? कोरडी वीट मसाल्यातलं सगळं पाणी पिऊन टाकते, मग तो धरणार कशाने? तुला दिसलंच नाही, कारण तुम्ही बापलेक साइटवर पोचायच्या आत माझं उरकलेलं असायचं. उजाडायला जायचं, दिवसाच्या विटा पिंपात बुडवायच्या, बुडबुडे थांबले की काढून रचायच्या. तुम्ही येईतो वरून सुकलेल्या, आतून ओल्या. मी तिथून तशीच शिवणाच्या कारखान्यात.

ह्यांना म्हटलं, एवढी साधी गोष्ट कशी नाही सांगितलीत? तर म्हणाले, ती काय सांगायची असते, विटा भिजलेल्याच असतात! मग स्वतःच उठून मला कागद आणून दिला.

रडत बसू नकोस. पिंप शोध.

आई

२१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उभी आहे! इंजिनिअरने खांदा लावून रेटली, टोकापर्यंत ठोकून पाहिली आणि सही करून गेला. दुकानाचा विषय संपला. सूतवाल्याने सगळ्यांना चहा पाजला.

आई, पिंपापाशी बसून बुडबुडे थांबायची वाट बघताना मला रडू आवरेना. आजवर जो विचारेल त्याला सांगत आले की मी बाबांच्या हाताखाली शिकले. तुझा उल्लेखसुद्धा कधी केला नाही. चुकलं माझं. ३१ तारखेला भिंत खुली होतेय. तू ये. बाबांनाही आण, पण तू ये. कारखान्यात सुट्टी माग, नाही म्हणाले तरी ये.

तुझी गोटी

२६ मार्च

चि. गोटे,
अनेक आशीर्वाद.

येतोय दोघं. सुट्टी मिळाली. ह्यांनी पिशवी आत्ताच भरून ठेवलीय आणि येईल-जाईल त्याला सांगताहेत की पोरीची भिंत बघायला चाललोय. छप्पर नाही, हे मात्र कुणाला सांगत नाहीत.

काल ह्यांनी विचारलं, मी बांधलेल्यांपैकी तुला कुठलं घर सगळ्यांत आवडलं? काय सांगणार! मी जायचे तेव्हा भिंती गुडघ्याएवढ्या असायच्या. पुऱ्या व्हायच्या तोवर पुढच्या साइटवर विटा भिजवायच्या असायच्या. आता रस्त्याने जाताना ती घरं दिसतात, पण दारं लागलेली. हे ऐकून ह्यांचा चेहरा एवढासा झाला. ह्यांची चूक नाही गं, मीही कधी म्हटलं नव्हतं.

पुरी झालेली भिंत बघायला मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मला सावकाश दाखव.

तुझी आई