कानावरचे जानवे

धंतोली, नागपूर
ता. ४ डिसेंबर १९३४

तीर्थरूप अण्णांचे चरणी धाकट्या त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार.

प्रकृती सुधारत आहे, काळजी नसावी. लघवी अकस्मात अडल्यामुळे रुग्णालयात यावे लागले. रबरी नळी बसविली आहे. तिची बाटली खाटेला बांधलेली, म्हणून मीही बांधलेलाच. कूस बदलण्यास हाक मारावी लागते. मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ वाढली आहे. सोमवारी शस्त्रक्रिया आहे.

डॉक्टर रागावले, "धार बारीक झाली, रात्री वारंवार उठावे लागले, तेव्हाच यायचे होते. रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नये." मी हे सारे वार्धक्य समजत होतो.

कै. सुमतीला मात्र शंका होती. लघुशंकेला जाताना कानावर टाकलेले जानवे लवकर उतरले नाही की ती म्हणे, "तिकडे पोथी लावली होती वाटतं?" ती गेल्यावर माझ्या कानाकडे कुणी पाहिले नाही. सूनबाईंना सांगणे शक्य नव्हते.

दिवाळीत तिकडे आलो असता आपलेही जानवे बराच वेळ कानावर दिसले. आपण नाकबूल कराल. म्हणून कृपया वहिनींना विचारावे. त्यांनी पाहिले असेलच. त्यांचे ऐकून डॉक्टरांकडे जावे.

वहिनींचा गुडघा कसा आहे?

आपला आज्ञांकित,
त्र्यंबक