कानात गेलेलं नाव

मी, शुभांगी सोमनाथ विधाते, वय वर्षे एकोणचाळीस, धंदा फूलशेती, राहणार मखमलाबाद शिवार, नाशिक, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था कशी लागावी हे या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. दुखणं पोटात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गोळीने दुपारी झापड येते म्हणून सगळं सकाळच्या वेळी लिहिलं. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. या घरात दबाव आणायचं काम आजवर मीच केलं, आणि आता तेवढा जोर राहिलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. चाळिशीच्या आत करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

माझ्या घरात माझे वडील सोमनाथ गोटीराम विधाते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणतो, धाकटा भाऊ डॉक्टर स्वराज आणि त्याची बायको तेजल एवढी माणसं आहेत. तेजलला या महिन्यात तिच्या माहेरी, घोटीला, मुलगी झाली. बारसं सव्वा महिन्याने तिथेच ठरलं आहे, त्यामुळे मुलीला अजून नाव नाही. मी तिची एकुलती एक सख्खी आत्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. मी बारशापर्यंत टिकत नाही, हेही आता सर्वांना ठाऊक आहे, फक्त माझ्यासमोर कोणी बोलत नाही.

कलम पहिले. माझ्या नावे असलेली वीस गुंठे जमीन, विहिरीच्या पाण्याच्या हिश्श्यासह, मी वर लिहिलेल्या माझ्या भाचीला देते. ही जमीन मला आजोबा गोटीराम यांनी बक्षीसपत्राने दिली. मी मनमाडहून कायमची परत आले त्या वर्षी. तेव्हा गावाने आजोबांना पुष्कळ सांगितलं की पोरीच्या नावावर जमीन कशाला, उद्या जाईल परत नवऱ्याकडे. आजोबा म्हणाले, जाईल तर जमीन काय डोक्यावर घेऊन जाईल का. भाची सज्ञान होईपर्यंत जमीन तेजलने सांभाळावी. स्वराजने नाही. तो रोग्याची नाडी चांगली पाहतो, पण बांधावर शेजाऱ्याने पाऊल पुढे टाकलं तर तोच मागे सरकतो.

या कलमाला मी आधी एक अट घातली होती. ती खोडली आहे. का, ते पुढे सांगते.

कलम दुसरे. माझे मनमाडचे माजी पती यांच्याशी रीतसर घटस्फोट झाला असून त्यांचा माझ्या कशावरही हक्क नाही. त्यांना माझ्या दहाव्याला यायचं असेल तर यावं, जेवावं, भाषण करू नये.

कलम तिसरे. पतसंस्थेतली ठेव तेजलला. फवारणीचा पंप, कात्र्या, वजनकाटा आणि क्रेट शेजारचे सहादूकाका यांच्या सुनेला. तिच्या हातात कसब आहे, अवजारं नाहीत. लासलगावची चुलतबहीण मनीषा हिच्याकडे माझी पितळी परडी आहे. हळदीकुंकवाला म्हणून नेली, त्यानंतर तिच्या पोरांची लग्नं झाली तरी परडी आली नाही. ती तिच्याकडेच राहू दे, पण माझी आहे हे तिने चार बायकांत एकदा म्हणावं.

मनीषाचं नाव निघालं म्हणून इथेच लिहिते. आप्पांनी तिला बारशाचं आवतण आधीच देऊन ठेवलं आहे. माझ्या जागी ती बसणार, आणि आप्पा सांगतील ते नाव, आरोही, कानात सांगणार. हे मला तेजलने फोनवर सांगितलं, रडत. मी अजून जिवंत आहे आणि माझ्या जागेवर पाट मांडून झाला आहे.

कलम चौथे. आईची हिरवी पैठणी बिश्केक, किर्गिझस्तान येथे राहणाऱ्या आयगुल अपा यांना पाठवावी. पत्ता स्वराजकडे आहे. या बाई कोण, असं पुढे कोणी विचारेल, म्हणून खुलासा करते.

स्वराज तिकडे डॉक्टरकी शिकायला होता. आयगुल अपा त्यांच्या मेसमध्ये स्वयंपाक करायच्या. अपा म्हणजे त्यांच्याकडे आईसारखी बाई. लॉकडाऊन लागला, हॉस्टेल बंद झालं, विमानं बंद झाली, आणि स्वराजला ताप भरला. छातीत कफ, बोलताना धाप. आम्ही इथे, तो तिथे. त्या दिवसांत ताप आलेल्या माणसाच्या दारावरून लोक तोंड फिरवून जात होते. या बाईने त्याला आपल्या घरी नेलं. तिचा मुलगा रशियात कामाला गेला होता, त्याची खोली रिकामी होती. तिथे निजवलं, रस्सा पाजला, पाठ चोळली.

रोज व्हिडिओ कॉल करायची. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. ती थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरायची आणि बोटांनी सांगायची, आज कमी, आज जास्त. पुढे ताप उतरला तरी कॉल थांबले नाहीत. ती मला खिडकीतला बर्फ दाखवायची, मी तिला रान दाखवायची. बाजार बंद असल्याने आप्पा आमची फुलं बांधावर ओतत होते. ते पाहून ही बाई तिकडे रडली. आमच्या फुलांसाठी त्या वर्षी दुसरं कोणी रडलेलं मला माहीत नाही. आई जाऊन तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. मला वाटलं, कोणीतरी परत विचारायला आलं, जेवलीस का म्हणून. तिने पाठवलेले लोकरीचे जाड जोडे आताही माझ्या पायात आहेत. मी गेल्यावर ते धुऊन भाचीसाठी ठेवावेत.

स्वराज निघाला तेव्हा अपाने काही घेतलं नाही. तो म्हणाला, मला मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवीन. आयगुल म्हणजे चंद्राचं फूल. ती हसली, त्याच्या डोक्यावर टपली मारली. पण तिने ते धरून ठेवलं. बाळ झाल्याचं कळताच तिचा कॉल आला. बोट आधी स्वतःकडे, मग बाळाच्या फोटोकडे, आणि भुवया वर. मी काय सांगू? दोन-तीनदा कॉल आला. आता मी तिचा फोन उचलत नाही. या आजाराने मला पुष्कळ रडवलं, पण फोन वाजतो आणि मी तो उशीखाली ढकलते, तेवढं रडू त्याने आणलं नाही.

कलम पाचवे. हे कलम कायद्याचं नाही. वकीलबाई म्हणाल्या, काढा. मी ठेवलं.

आप्पा, हे तुमच्यासाठी आहे. तोंडी सांगायला गेले की तुम्ही विहिरीवरची मोटार चालू करायला उठता, म्हणून लिहिते.

आयगुल हे नाव ऐकून तुम्ही म्हणालात, "शुभे, नातीला हाक मारली तर बाजार वळून बघंल. लोक म्हणतील, सोमनाथच्या घरात हे कुठलं नाव आलं? उद्या पोरीला स्थळं कोण आणील?" तुमची भीती खोटी नाही. दिवस तसे आहेत, मी जाणून आहे. स्वराज रोगी खोळंबलेत म्हणून उठून गेला, तेजल फोनवरून सासऱ्यापुढे बोलेल कशी, आणि मला तेवढ्यात उलटी झाली म्हणून तो विषय तिथेच राहिला. माझं उत्तर राहून गेलं.

उत्तर असं. आपण तीन पिढ्या गुलछडी लावतो. पहाटे तोडतो, ओल्या फडक्यात बांधतो, ती काळारामाच्या गळ्यात पडते. तिच्या नावातलं गुल कुठून आलं हे रामाने कधी विचारलं नाही. बाजाराने विचारलं नाही. तुम्हीही नाही. फूल कुठून आलं हे आपण माळी लोक कधी विचारत नाही, मातीत लागतं का एवढंच बघतो.

आणि नाव बाहेरचं म्हणता, तर माणूस बाहेरचं नव्हतं का? आपली सख्खी नाती तेव्हा फोनवर काळजी घ्या म्हणत होती. तुमचा एकुलता एक मुलगा आज स्टेथोस्कोप लावून फिरतो, तो त्या बाईच्या रश्शावर उठला. ते आपण चालवून घेतलं. मग तिचं नावच का चालत नाही?

तुम्ही मनीषाला का बोलावलं तेही मला कळतं. मी कशीबशी घोटीला पोचले तर चंद्रभागा आत्यासारखं करीन, ही धास्ती. स्वराजच्या बारशाला मी अकरा वर्षांची होते, पाळण्याची दोरी माझ्या हातात होती. पुरुषांनी पणजोबांचं नाव ठरवलं होतं, धोंडीराम. चंद्रभागा आत्या वाकली, कानात भलतंच काही बोलली आणि सरळ होऊन म्हणाली, स्वराज. सगळे चिडले. परत नाव घे म्हणाले. तेव्हा तुम्हीच मध्ये पडलात. "ऱ्हाऊ द्या आता. कानात गेलेलं नाव परत निघत नाय."

परवा तेजलने फोन बाळाच्या तोंडाशी धरला होता. कान दिसला, अजून लाल, दुमडलेला. मला तेव्हाच नाव घेता आलं असतं. घेतलं नाही. बारशाआधी नाव सांगणं म्हणजे चोरी, आणि ही पोर चोरीच्या नावाने वाढू नये.

आता खोडलेल्या अटीबद्दल. मी लिहिलं होतं, मुलीचं नाव आयगुल ठेवलं तरच जमीन तिची. वकीलबाई म्हणाल्या, अट टिकेल. मलाही हुशारी वाटली. मग मनात आलं, मोठी झाल्यावर कोणी तिला सांगेल की तुझं नाव वीस गुंठ्यांसाठी ठेवलंय. पोरीने नाव मिरवावं, फेडू नये. म्हणून अट गेली. जमीन तिचीच, नाव काहीही असो. आता माझ्या हातात तुम्हाला अडवायला काही उरलं नाही, आप्पा. नुसतं मागणं उरलं. मी तुमच्याकडे हट्टाने कधी काही मागितलं नाही. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हाही, राहू का, एवढंच विचारलं होतं.

आई गेल्यावर शाळेआधी माझी वेणी तुम्ही घालायचात. गुलछडीची जुडी बांधावी तशी घट्ट बांधायचात, डोकं दुखायचं. बाप्याने वेणी घालू नये असं तेव्हा तुम्हाला कोणी म्हटलं नाही, म्हटलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. बाईचं ते काम केलंत, आता आत्याचं करा. मनीषाला जेवायला बोलवा, परडी घेऊन येऊ दे. पण माझ्या पाटावर तुम्ही बसा. तुम्ही वाका. कानात काय सांगायचं ते तुमच्या तोंडून जाईल, आणि मग ते परत निघणार नाही. म्हणून एकदा, फक्त एकदा, त्या तापाच्या दिवसांची आठवण करून मग वाका. मला फार भीती वाटते, आप्पा. मरायची वाटते, पण ती वेगळी. मी गेल्यावर अपाचा फोन वाजेल आणि या घरातलं कोणीच तो उचलणार नाही, याची जास्त वाटते.

कलम सहावे. माझे वडील सोमनाथ गोटीराम विधाते यांना या मृत्युपत्राने मी काहीही दिलेलं नाही. जुडी बांधायचा दोरासुद्धा नाही. लोक नावं ठेवतील, म्हणून कारण लिहिते. ज्याला यातून काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये, पुढे वाद होतो, असं वकीलबाई म्हणाल्या. मला आप्पा साक्षीला हवे आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, सही होताना पाहिली की पुरे. पण भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारा हा माणूस वाचल्याशिवाय सही करणार नाही, या भरवशावर मी आहे. दुसरा भरवसा मला नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तेजल स्वराज विधाते हिने करावी. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. सही नेहमीसारखी आलेली नाही, पण माझीच आहे.

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: शुभांगी सोमनाथ विधाते (सही)

साक्षीदार पहिला: सहादू भिका काठे, वय ६१, धंदा शेती. शुभांगीने माझ्यासमोर सही केली. नाते: शेजारी. (सही)

साक्षीदार दुसरा: सोमनाथ गोटीराम विधाते, वय ६७, धंदा शेती. माझ्यासमोर सही केली. समदं वाचलं, दोनदा. नाते: शुभांगीचा बाप. आयगुलचा आजोबा. (सही)