लोखंडाचा पाय

मुरबाड, ११ मार्च २०२५

चि. कुणाली हिस सावळारामकाकाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझ्या रक्तातल्या साखरेचाच पाढा वाचतेस, म्हणून पत्र. यात तुला मध्येच बोलता येत नाही. काल भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजताना अनवाणी पाय निखाऱ्यावर पडला. कातडी जळल्याचा वास आला तेव्हा तुझी काकी ओरडली, मला काहीच वाटलं नाही! शेजारी म्हणाले, सावळारामचा पाय नाय रे, लोखंड हाय. करंगळीखाली भोक पडलंय, त्यात हळद भरली आहे.

तू म्हणे पुण्यात काचेच्या ताटलीत पेशी वाढवतेस आणि त्यांच्यावर ओरखडे काढतेस. एवढं शिकून मांजराचं काम? असो. वेळेवर जेवत जा.

तुझा काका

पुणे, १७ मार्च २०२५

ती. काकांस कुणालीचा शि. सा. न. वि. वि.

मांजराच्या कामाचा उपयोग ऐका. ओरखडा काढला की कडेच्या पेशी सरकत येऊन तो बुजवतात. इकडे या, हा निरोप ऐकायला त्यांच्या अंगावर जणू कान असतात. काही प्रथिनं ते कान आत ओढून घेतात. बेताने ओढले तर पेशी शिस्तीत चालते. सगळेच ओढले तर निरोप दारात आणि पेशी जागच्या जागी, अगदी तुमच्यासारखी. साखर म्हटलं की तुमचे दोन्ही कान आत!

पाय लोखंडाचा नाही, बधिर झालाय. त्यात कौतुक कसलं? साखर वाढली की पेशीही सरकायला आळस करतात, मग हळद कितीही भरा. शहापूरला काकीच्या भावाकडे, देवजीमामांकडे जा आणि डॉक्टरांना दाखवा. पाय जाईल, अशी मला फार भीती वाटते. मी आले असते, पण ताटल्या मध्येच सोडता येत नाहीत.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपली कुणाली

शहापूर, २६ एप्रिल २०२५

चि. कुणाली हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी लपवलं होतं. काकीने शोधून चार बायकांसमोर मोठ्याने वाचलं. तरी मी हळदच भरत राहिलो. मग ताप चढला आणि देवजीने उचलून इथे आणलं. डॉक्टरांनी तळव्याला सुई टोचून विचारलं, दुखतं का. मी छाती फुगवून नाही म्हटलं. तुझी काकी भिंतीकडे तोंड करून रडायला लागली, तेव्हा कुठे माझे कान बाहेर आले.

करंगळी गेली, पाय राहिला. पुढच्या वर्षी राबावर बूट घालून जाईन. गाव हसेल, हसू दे.

तुझ्या पेशी मात्र शहाण्या, जखम झाली की कडेच्या धावून येतात. मी खाटेवर होतो तेव्हा तुझी आई आली, लोखंड म्हणणारे शेजारीसुद्धा आले. तू ताटल्यांपाशी होतीस. तळव्याला आता कधीच काही कळणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण तू आली नाहीस, ते दुखलं.

माया होती तेवढीच आहे, येऊन बघ.

तुझा काका