बकरीचे खूर कापले

गोडादरा, सुरत
१२ ऑगस्ट १९९६

प्रिय उज्ज्वला,

तुला आणि मुलांना ताईची खूप माया.

रविवारी दुपारी ओट्यावर बसून आपण एकमेकींची नखं कापायचो, सोमवारी शाळेत सिस्टर तपासतील म्हणून. आठवतं? काल मी बकरीचे खूर कापले.

इथे सगळे ठीक आहेत. नातवाला, अक्षयला, बकरीचंच दूध पचतं, म्हणून योगराजने ती आणली. मी आपली रोज तिचे पाय साबणाने धुवायची. पावसाळ्यात त्यानेच खूर सडले आणि ती लंगडू लागली. योगराज म्हणाला, "आई, रविवारपर्यंत धड चालली नाही तर खाटकाला देतो." मग लेकराला दूध कुठलं?

शेवटी मीच बसले. सुनेने, चंचलने, बकरी धरली. वाढलेला खूर आत वळला होता. तो कापताच काळा लगदा बाहेर आला. शी! त्या वासाने मला ओकारीच झाली. एकदा जास्त कापलं, रक्त आलं, हळद दाबली. चंचल हसत म्हणाली, "आई, पुरे! हिला शाळेत घालायचंय का?"

आज ती चारही पाय टेकून उभी राहिली. मला मात्र स्वतःच्या हातांची किळस येते. वरणभात चमच्याने खाल्ला.

तुझे गुडघे कसे आहेत?

शेजारचा भिकन गावी येतोय. त्याच्याबरोबर नानखटाई मुलांना, निळी साडी तुला. माझी शिवणाची कात्री आता बकरीचीच झाली. आईची तुझ्याकडे आहे, ती मला पाठव.

तुझी,
मंदाताई