जावळाला मामा कोण

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगते. सासऱ्याला असं कोण लिहितं, असं म्हणाल. म्हणा. तुमचा मुलगा अपघातात गेला तेव्हा आमचं बाळ अजून पालथंही पडत नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर तुम्ही म्हणालात, "पोरी, राधानगरीला चल. घर हाय, शेत हाय." मी नोकरी सोडणार नाही म्हटलं. तुम्ही गप्प बसलात. ते गप्प बसणं म्हणजे होकार, असं मी धरून चालले.

उचगावच्या त्या खोल्यांच्या रांगेत एक खोली माझी आणि तिला लागून त्या मित्राची. तुमच्या मुलाचा मित्र, तसा माझाही. तिघंही आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी ऑफिसात, तो मशीनवर. बाळाला सांभाळायला कुणी नाही म्हणून त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. सकाळी तो डोळे चोळत येतो, मी डबा घेऊन निघते, आणि दारातच पोरगं माझ्या कडेवरून त्याच्या कडेवर जातं. पेज त्याला माझ्यापेक्षा चांगली जमायची. दोरीवर दुपटी वाळत घालणारा बाप्या रांगेतल्या बायकांनी कधी बघितला नव्हता, त्यामुळे आधी त्यांची करमणूक झाली आणि मग कुजबुज सुरू झाली. भांडणं आमची रोजची. बाळाला शिंक आली की त्याला डॉक्टर आठवायचा, मला ओवा. "आई हाईस म्हणून सगळं तुलाच कळतंय व्हय?" तो म्हणायचा. "व्हय, कळतंय," मी म्हणायची. संध्याकाळचा चहा मात्र एकत्र.

ती कुजबुज फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचली. पोराला तिसरं लागलं आणि तुमचा निरोप आला. जावळ तिथंच काढा, मी येतो, आणि जाताना नातवाला घेऊन जाणार. परक्या बाप्याच्या हातावर माझा वंश वाढायचा न्हाय. रात्रपाळीला निघालेला तो उंबऱ्यातच थांबला आणि सिलिंडरचा नंबर लावूया म्हणावं तशा आवाजात म्हणाला, "तसं असंल तर लगीन करून टाकूया. मग मी परका कसा?" मी खो खो हसले. मग हसू आपोआप थांबलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. चालंल, म्हटलं. तो बौद्ध, मी तुमच्या घरची सून. गावात केवढा गहजब झाला असता. पण नवराबायको झालो की पोरगं कुणी नेणार नाही, असं आम्ही दोघं शहाणे धरून चाललो होतो.

त्या दिवसापासून घरात नुसता वैताग, आबा. तो मला अहो-जाहो करायला लागला. आमटी खारट झाली तरी बोलेना. मी त्याच्यासमोर खुशाल केस विंचरायची, ती आत जाऊन विंचरायला लागले. शेवटी त्यानंच कप आपटला. "मला तू बहिणीसारखी वाटत न्हाईस, बायकोसारखी तर अजिबात न्हाईस. पण पोरगं जाणार असंल तर आत्ता सही करायला येतो." मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. असला नवरा कुणाला हवा असतो? पण पोरासाठी मी त्यालाही तयार होते.

जावळाच्या दिवशी सकाळीच तुम्ही भावकीतली चार माणसं घेऊन आलात. दाराबाहेर पाट मांडलेला, मागं मटण शिजतंय, पोरगं नव्या झबल्यात. जेवणाआधी लग्नाचं तो सांगणार, असं आमचं ठरलेलं. तेवढ्यात न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं आणि विचारलं, "मामा कोण बसणार?" मला भाऊ नाही, हे तुम्हाला सोयरिकीपासून माहीत. तुम्ही सरळ त्याच्याकडं वळलात. "पावणं, तुम्ही पोराचं कोण लागता?" तो तोंड उघडणार, तोच तुम्ही म्हणालात, "दोस्त म्हणशिला, तर तसलं नातं आमच्याकडं नसतंय. ह्या पाटावर बसा, पोराला मांडीवर घ्या. बसलासा तर मामा. न्हाय बसलासा तर मला काय कळायचं ते कळलं. पोरगं माझ्यासंगं येईल."

तुमच्यातला एक पुटपुटला, "आबा, ह्यांना? आपल्या जावळाला?" तुम्ही त्याला नजरेनंच बसवलंत. मामा झालेला माणूस नवरा होत नाही, म्हणजे आमचा ठरवलेला रस्ता बंद. आणि असलं काही तो मानत नाही, त्याच्या बापानं घरातले देव कधीच नदीत सोडलेले, हे मला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक होतं. तो बसणार नाही असं धरूनच तुम्ही आला होतात, खरं की नाही? तो उभाच. पोरानं त्याची पँट ओढली. "घे की," म्हणालं. त्यानं पोराला उचललं आणि तुम्हाला म्हणाला, "मी हे कायबी मानत न्हाय. नारळ फोडणार न्हाय, पाया पडणार न्हाय. पोराला मानतो." तुम्ही पाटाजवळचा नारळ स्वतःच उचललात. मग म्हणालात, "नारळ मी फोडतो. तुम्ही निस्तं बसा."

तो बसला. वस्तरा लागला तसं पोरगं बोंबललं, त्याचा शर्ट केसांनी भरला, आणि मी मटण बघायच्या निमित्तानं मागं जाऊन ढसाढसा रडले. तुम्ही मामाला टॉवेल-टोपी दिलीत, पोटभर जेवलात आणि नातवाला न घेता एस.टी.त बसलात. चार माणसांत त्याची परीक्षा बघितलीत, तो राग आहेच. पण पोरगं न्यायला आलेला माणूस मला माहेर देऊन गेला, हे मी कुणाजवळ बोलू? त्याच्यासाठी बायको पुढं मीच बघितली. तिचं आणि माझं त्याच्यापेक्षा जास्त जमतं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच सांगते. त्या सकाळी तुम्ही उंबऱ्यात आलात तेव्हा मी कमरेवर हात ठेवून म्हटलं होतं, पोरगं देणार न्हाय. पण पहाटेच उठून मी पोराची पिशवी भरली होती आणि कॉटखाली सरकवली होती. त्यात स्वेटर जास्तीचे घातले होते, तुमच्याकडं गारठा फार म्हणून.