आडवा ठेवलेला बॅरोमीटर

१ ऑक्टोबर २०२५

खंडेनवमी. अवजारं पुजायची. पण मुलाच्या, चारूच्या, या सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये अवजार कुठलं — लॅपटॉप! मग चारूचा लंडनचा जुना बॅरोमीटर भिंतीवरून काढला, पाटावर आडवा ठेवला. हळद-कुंकू, झेंडू वाहिला. तबकडीवर कारागिराचं नाव आहे. चारू म्हणतो, तो इटलीचा. पोटासाठी लंडनला गेला. बिचारा! त्यालाही नमस्कार केला. सूनबाई मीनल आत ऑफिसच्या कॉलवर होती. ती बाहेर यायच्या आत परत टांगला.

४ ऑक्टोबर

चारूचा मित्र प्रबोध जेवायला होता. चारू कौतुकाने सांगत होता, "असल्या बॅरोमीटरमध्ये काचेची नळी असते, नळीत पारा. हवेचा दाब बदलला की काटा फिरतो. आडवा केला की पारा सांडतो!"

"म्हणजे भिंतीवर विषच टांगलंयस की रे!" प्रबोध हसला.

नवमीला मी तो आडवाच ठेवला होता! गार्गी, माझी नात, त्याच भिंतीखाली रांगते.

५ ऑक्टोबर

टॉर्च घेऊन सोफ्याखाली शोधलं. काही चकाकत नाही. फटीत शिरला असेल! काटाही हलत नाही.

७ ऑक्टोबर

गार्गीला दिवसभर कडेवर घेतलं. कंबर मोडली. मीनल म्हणाली, "बाबा, रांगू द्या ना तिला."

"फरशी गार आहे."

"सिंगापुरात? गार?"

सांगून टाकावंसं वाटलं. पण चारू साताऱ्याला परत धाडेल. तिथे आता कोण आहे माझं?

१० ऑक्टोबर

गार्गी खोकली. दोनदा! टॉर्च घेऊन परत सगळं घर पाहिलं. मीनल दारात उभी राहून बघत होती.

१३ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज. "आंग मो किओच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची वेळ मिळाली." मीनल रडवेली — "आधीच न्यायला हवं होतं." म्हणजे गार्गीचं कळलं यांना! देवा, काय करून बसलो मी.

१६ ऑक्टोबर

नर्सने हाक मारली. गार्गीला नाही — मला!

डॉक्टरीणबाईंपुढे सगळं सांगून टाकलं. पूजा, पारा, सगळं. चारू हळूच म्हणाला, "बाबा, त्यात पारा नाहीच. विमानातून आणू देत नाहीत. लंडनलाच काढून घेतला." गार्गी वाचली! मी हसलो. बाई हसल्या नाहीत. चारूला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत रे?"

"हे तुम्हाला आधी सांगितलं होतं का, विचारतायत."

"मग? सांगितलं होतंस?"

"दोनदा, बाबा."